अडीच इमारतींचा आर्किटेक्ट

जोथम पेल्टन स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला लागला तेव्हा अमेरिकेतल्या हॅडलॉक गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. सुतार म्हणजे काय ते गावाला ठाऊक होतं. गवंडी ठाऊक होता. पण आपण नुसत्या कागदावर रेघा ओढायच्या, लाकडाला हात दुसऱ्यानं लावायचा आणि वर नाव आपलं, हे कुठलं काम?

"म्हणजे उद्यापासून मी घोड्याचं चित्र काढून देतो," ईनस मून म्हणाला, "नाल ठोकायला दुसरा बघा कुणीतरी!" ईनस गावचा लोहार, अंगानं आडवा आणि जिभेनं तिखट. सगळी खानावळ खो खो हसली. कोपऱ्यात ओबेद टटल सफरचंदाच्या सायडरचा पेला घेऊन बसला होता, तोही हसला. त्याला हसावंच लागलं, कारण हा आर्किटेक्ट त्याचाच जावई होता.

ओबेद म्हणजे थोरला मिस्त्री. नदीच्या या काठावर चाळीस वर्षांत जेवढी छपरं चढली त्यातली निम्मी त्याच्या हातची, आणि त्यातलं एकही कधी हललं नव्हतं. जोथम चौदाव्या वर्षी त्याच्या हाताखाली आला. आईबाप नाहीत, एक बहीण ती दूर पश्चिमेला जेनेसीच्या रानात दिलेली. पोराचा हात बरा होता, डोकं हाताहून बरं होतं. पटाशी धरायला शिकला, रंधा मारायला शिकला, आणि मग कुठल्याशा मेलेल्या कप्तानाच्या सामानाच्या लिलावात लंडनमध्ये छापलेलं इमारतींच्या नकाशांचं एक फाटकं पुस्तक त्याच्या हाती लागलं. झालं. त्या दिवसापासून पोरगा जेवताना ताटाच्या कडेला सुरीनं कमानी काढायला लागला.

ओबेदची मुलगी लोइस ते बघायची आणि हसायची. पुढं तिनं त्याच्याशीच लग्न केलं. ओबेदची बायको नुकती गेली होती, घर मोठं होतं, म्हणून तिघं एकाच घरात राहिले. जोथम त्याला आधी 'मिस्त्री' म्हणायचा, लग्नानंतर 'बाबा' म्हणायला लागला. ओबेदला मुलगा नव्हता. त्या हाकेनं त्याला काय वाटायचं ते तो कुणाला बोलला नाही, पण मला विचाराल तर म्हाताऱ्यानं त्या पोरावर लोइसपेक्षा काकणभर जास्तच जीव लावला होता.

चोविसाव्या वर्षी जोथमनं कागदावर पहिलं घर काढलं, कॅप्टन हॉलिस्टरचं. त्यात जिना असा की खालून वरपर्यंत वळत जातो आणि खाली कुठं खांब म्हणून नाही. गावातल्या बायका नुसता तो जिना चढून उतरायला जायच्या. पंचविसाव्या वर्षी शाळेचा नकाशा काढला, उंच उंच खिडक्यांचा. "पोरं बाहेरच बघत बसतील," असं गाव म्हणालं, आणि पोरं खरंच बाहेर बघत बसली, पण आत उजेड इतका छान की म्हाताऱ्या मास्तरांना चष्म्याशिवाय वाचता यायला लागलं. मग गाव जरा गप्प झालं. आर्किटेक्ट हा शब्द लोक हळूहळू न हसता उच्चारायला लागले.

अठराशे सहाच्या शरदात गावानं नवं प्रार्थनाघर बांधायचं ठरवलं आणि नकाशा जोथमकडं आला. त्यानं जो मनोरा काढला तो नदीच्या खोऱ्यात कुणी पाहिला नव्हता. खाली चौकोनी, वर आठकोनी, त्यावर घंटेची खोली, आणि त्यावर निमुळता होत गेलेला कळस. कागद बघून खुद्द प्रार्थनाघराचा कारभारी डीकन लेव्हिट, जो देवाच्या कामात सुद्धा खिळे मोजून द्यायचा, तो म्हणाला, "पोरा, हे उभं राहील का रे?"

"राहील, डीकन."

"आणि नाही राहिलं तर?"

"तर मी पुन्हा कागदाला हात लावणार नाही."

असं बोलायचं नसतं. पण सव्वीस वर्षांचं वय, आणि तेव्हाच जिल्ह्याच्या गावी नवं कोर्ट बांधायचं घाटत होतं. तिथल्या लोकांनी निरोप धाडला होता की हॅडलॉकचा मनोरा उभा राहिलेला बघू, मग कोर्ट तुमचंच. तिथून पुढं बॉस्टनचा रस्ता उघडा होता. जोथमचं सगळं आयुष्य त्या एका मनोऱ्यावर टांगलेलं होतं, आणि हे ओबेदला त्याच्याइतकंच ठाऊक होतं.

भांडण झालं ते मापावरून.

ओबेदची रीत बापजाद्यांची. खांब जमिनीवर आडवा टाकायचा, त्याच्यावर तुळई ठेवायची, जिथं लाकूड वाकडं तिथं वाकडं, जिथं फुगीर तिथं फुगीर, जसं आहे तसं एकाला दुसऱ्यात बसवायचं आणि मग दोघांवर पटाशीनं खुणेचे आकडे पाडायचे. तिसऱ्या नंबरचं लाकूड तिसऱ्या नंबरातच बसणार, दुसरीकडं नाही. ज्याच्या त्याच्या पायावर मोजा विणावा तसं काम. वेळ लागतो, पण पक्कं. ओबेद आकड्याच्या शेवटच्या रेघेला खाली एक बारीकसा हूक काढायचा, ती त्याची सही.

जोथमनं नवी रीत काढली. तो म्हणायचा, लाकूड बाहेरून कितीही वाकडं असू दे, त्याच्या पोटात एक सरळ लाकूड आहे असं धरा. गुण्या लावून काटकोन बघा, त्या आतल्या सरळ लाकडापर्यंत खाच कोरा. मग सगळे खांब सारखे, खांब-तुळईच्या कोनात तिरके बसणारे सगळे टेकू सारखे. कुठलाही टेकू कुठंही बसेल. खुणा नकोत, आकडे नकोत, जुळवाजुळव नको.

"पोटातलं लाकूड!" ओबेद म्हणाला. "माझ्या आज्यानं बाहेरचंच लाकूड बघितलं हो, बिचाऱ्याला आतलं दिसलंच नाही."

"बाबा, चेष्टा करू नका. अर्ध्या वेळात काम होतं."

"घाई कुणाला आहे? देवाला?"

"कोर्टवाल्यांना आहे," जोथम म्हणाला, आणि दोघंही हसले. लोइस भाकरीचं पीठ मळत होती. ती म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा खुशाल, पण टेबलावरचा भुसा आधी झाडा." शेवटी ओबेदनं मान तुकवली. नकाशा जावयाचा, माप जावयाचं, हात तेवढा आपला, असं तो म्हणाला. सबंध हिवाळा आणि वसंत त्यानं नव्या मापानं लाकूड कापलं. चूक एकही केली नाही. मनातून मात्र त्याला ते पटलं नाही.

मनोऱ्याचा नैऋत्येचा खांब ओकचा होता आणि त्याला अंगचाच थोडा बाक होता. वाऱ्याचा जोर येणार तो त्याच बाजूला, कारण वारा तिकडूनच. ओबेद रोज त्या खांबापाशी उभा राहायचा. रोज त्याला वाटायचं, हा सारखा टेकू या वाकड्या खांबाला नीट मिठी मारणार नाही. मे महिन्यात जोथम घंटा ठरवायला हार्टफर्डला गेला. चार दिवस नव्हता. त्या चार दिवसांत ओबेदनं काय केलं? तयार आठ टेकूंमधला एक उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी दुसरा कापला, जुन्या रीतीनं, त्या बाकावर ठेवून, केस जाणार नाही असा जुळवून. तो नव्या मापापेक्षा अर्धं बोट तोकडा भरला. त्याच्या आतल्या अंगाला त्यानं आपला आकडा पाडला, हुकासकट. आणि टेकू इतर सातांत ठेवून दिला.

कुणाला बोलला नाही. जोथमला वाईट वाटलं असतं. उभारणीच्या दिवशी तो टेकू आपण स्वतःच जागेवर बसवायचा, पोराच्या मनोऱ्याला आपल्या हाताचा एक आधार राहील, कुणाला कळायचंही नाही, एवढाच त्याचा विचार. त्याला मी दुष्ट म्हणत नाही. पण हट्टी म्हणतो. माया आणि हट्ट एकत्र आले की माणूस बरोबर तेच करतो जे करायला नको.

उभारणी जूनमध्ये झाली. सगळं गाव लोटलं. बायकांनी रात्रभर भट्टीत मुरवलेल्या घेवड्याची मडकी आणली होती, मक्याच्या पिठाचा गोड शिरा होता, तळलेले गोड वडे होते, आणि रमचं पिंप होतं. पाद्रीबुवांनी प्रार्थना केली. टोकाला लोखंडी खिळा असलेल्या लांब काठ्या घेऊन साठ माणसं उभी राहिली आणि ओबेदच्या आरोळीवर भिंतींचे सांगाडे एकामागून एक चढले. दुपारपर्यंत मनोऱ्याचा खालचा टप्पाही चढला. जोथम वर होता, मांजरासारखा तुळयांवरून फिरत होता. ईनस मून लाकडी हातोडा घेऊन त्याच्याबरोबर वर चढला होता. "आर्किटेक्ट वर चढलाय म्हणजे हात काळे करणार वाटतं!" तो ओरडला, आणि खालून हशा पिकला.

आता वरच्या टप्प्याचे टेकू चढवायचे. आणि नेमकं तेव्हा डीकन लेव्हिटनं ओबेदला हाक मारली.

त्या मुलखात रीत आहे. शेवटचा टप्पा चढण्याआधी गावच्या सगळ्यात जुन्या मिस्त्रीनं रमचा पहिला पेला उचलायचा आणि सांगाड्याला नाव देऊन दोन शब्द बोलायचे. "टटल मिस्त्री, या! तुमच्याशिवाय कोण?" ओबेदनं एकदा टेकूंकडं बघितलं. म्हणाला, "आलोच," आणि गेला. मान कुणाला नको असतो? टाळ्या झाल्या, तो बोलला, जरा लांबलंच. वरून जोथम ओरडला, "टेकू पाठवा! कुठलाही द्या, सगळे सारखेच आहेत!"

खालच्या माणसांनी हाताला लागेल तो दोराला बांधला.

ओबेदचा टेकू ईशान्येच्या खांबाला गेला. ईनसनं तो खाचेत घातला आणि म्हणाला, "हा जरा सैल वाटतोय रे!"

"खुंटी ठोक, ओढून घेईल," जोथम म्हणाला.

ईनसनं खुंटी ठोकली. ती अर्ध्यावर बसली. मग वरचा टप्पा दोरांनी उचलला गेला, त्याचं वजन खांबांवर आलं, आणि ईशान्येचा टेकू खाचेतून निसटला. आवाज झाला तो मोठा नव्हता. ओबेदनं हातात पेला असतानाच वर बघितलं. खांब कलला, मग दुसरा, आणि सगळा टप्पा सावकाश, अगदी सावकाश खाली आला. बायका किंचाळल्या. ईनस मून तुळईखाली जागच्या जागी गेला. जोथम त्याच्यापासून चार हातांवर पडला, छातीवर आडवं लाकूड घेऊन, जिवंत.

ईनसला दोन दिवसांनी पुरलं. त्याच्या बायकोच्या, पेशन्सच्या, लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली, पोटात दुसरं मूल. गावाला सुचेना काय करावं. पण बोलायचं काय ते मात्र लगेच सुचलं. पोटातलं लाकूड, पोटातलं लाकूड, असं म्हणत होता ना? बघा. पुस्तकी किडा. बापजाद्यांची रीत सोडली की असंच होतं.

पडलेलं लाकूड गाडीत भरून ओबेदच्याच अंगणात आणून टाकलं, उपयोगाचं निवडायला. ओबेदनं पहिल्या दिवशी त्या ढिगाकडं जाण्याचं धाडस केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जाईन, सगळं सांगेन, पोराला जरा श्वास घेता येऊ दे, असं तो स्वतःला सांगत राहिला. तीन आठवड्यांनी एकदाचा गेला आणि ढीग उपसला. त्याचा टेकू त्यात नव्हता. कुणीतरी जळणाला नेला असेल, असं त्याला वाटलं. आणि खोटं कशाला बोला, त्या क्षणी त्याला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची त्याला पुढं जन्मभर शिसारी होती.

मग गावाची सभा बसली. जोथम काठी टेकत आला. दर चार पावलांवर थांबून खोकत होता. डीकननं विचारलं, "माप कुणाचं होतं?"

"माझं."

"सगळं?"

"सगळं माप माझं. मिस्त्रींनी मी सांगितलं तेवढंच कापलं."

ओबेद अर्धा उठला. तोंड उघडलं. जोथमनं त्याच्याकडं बघितलं. ओबेदला वाटलं, पोरगा केविलवाणा होऊन बघतोय, आता आणखी तमाशा नको म्हणतोय. तो खाली बसला. अहो, त्या एका बसण्यात सगळं आलं. माणूस उभा राहायला जेवढा वेळ लावतो तेवढाच बसायला लावतो, पण हिशेब सारखा होत नाही.

कोर्टवाल्यांचं दोन ओळींचं पत्र आलं, दुसरा माणूस बघितला आहे म्हणून. जोथमनं डीकनला दिलेला शब्द पाळला आणि कंपास, पट्ट्या, सगळी हत्यारं विकून टाकली. आणि मनोरा? तो गावानं ओबेदलाच पुरा करायला सांगितला, जुन्या रीतीनं. बसका, जाडजूड, कळसाच्या जागी टोपी घातल्यासारखं छप्पर. ओबेदनं तो बांधला. नाही कसं म्हणणार, आणि नाही म्हणायचं तर कारण काय सांगणार? मनोरा पक्का उभा राहिला. येणारा जाणारा बोट दाखवून म्हणायचा, "बघा, याला म्हणतात काम." जोथमच्या नावावर दोन इमारती राहिल्या आणि एक अर्धी.

पुढची तीन वर्षं तो घरात बसून ताक घुसळायच्या रव्या आणि चरख्याची चाकं करायचा. छातीची जखम कधी भरून आलीच नाही. त्यांना एक मुलगी झाली, पर्सिस. ती बापाच्या मांडीवर बसून चाकं फिरवायची. जोथम ओबेदशी पूर्वीसारखाच वागायचा, उलट जास्त मऊ. जेवताना पहिला तुकडा त्याच्या ताटात सरकवायचा. आणि ओबेद तो हळूच पर्सिसला भरवायचा.

अठराशे अकराच्या मार्चमध्ये, मेपलचा रस उकळायचे दिवस होते, लोइस पोरीला घेऊन रानातल्या कढईवर गेली होती. दुपारची वेळ. जोथम आता उठत नव्हता. ओबेद त्याच्या अंथरुणापाशी बसला आणि एकदम म्हणाला, "जोथम, तो टेकू माझा होता."

जोथमनं उशीवरून मान त्याच्याकडं वळवली.

"तू हार्टफर्डला गेलास तेव्हा मी कापला. वाकड्या खांबासाठी. अर्धं बोट तोकडा. ईशान्येला गेला तो तोच असणार. तुझं माप बरोबर होतं रे. तुझं काही चुकलं नव्हतं." म्हाताऱ्याला रडू आवरेना. "चार वर्षं होत आली, मी तोंड शिवून बसलोय."

"मला ठाऊक आहे, बाबा."

"काय ठाऊक आहे?"

"पंधराव्या दिवशी मी काठी घेऊन अंगणात गेलो होतो. ढिगात सापडला. तुमचा हूक मी नाही ओळखणार? दहा वर्षं तुमच्या खुणा वाचल्यात." तो खोकला, मग थांबून थांबून बोलला. "चुलीत घातला. ओक आहे, दोन दिवस जळला."

"जाळलास? अरे, तो दाखवला असतास तर तू सुटला असतास!"

"आणि तुम्ही? या खोऱ्यात निम्मी घरं तुमच्या छपराखाली झोपतात. लोक वर बघून बघून जागे राहिले असते. माझ्या दोनच तर इमारती. आणि मला रंधा उचलवत नव्हता. तुम्हाला कुणी काम दिलं नसतं तर लोइसला खायला कोण घालणार होतं?" मग तो थोडा हसला. "शिवाय 'कुठलाही द्या' असं मीच ओरडलो ना. ईनस म्हणाला होता, सैल आहे. मी बघायला हवं होतं. बाबा, आता कुणाला सांगू नका. झालं ते झालं."

ओबेदनं हो म्हटलं. चार दिवसांनी जोथम गेला. वय वर्षं तीस.

ओबेदनं तो शब्द पाळलाही असता कदाचित. पण त्या शरदात पेशन्स मूननं नवऱ्याच्या थडग्यावर दगड उभा केला. तिकडं दगडावर माणूस कसा मेला तेही कोरतात. दगडावर होतं: ईनस मून, वय एकोणतीस, जोथम पेल्टनच्या सदोष मापामुळे प्रार्थनाघराच्या उभारणीत ठार. आणि तीस पावलांवर जोथमचं थडगं. लोइस पोरीला घेऊन तिकडं जायची तेव्हा त्या दगडावरून जावं लागायचं. मोठी पोरं तो दगड मोठ्यानं वाचायची, आणि पर्सिस आता ऐकलेला शब्द न् शब्द विचारायला लागली होती. एक दिवस तिनं घरी येऊन विचारलं, "आजोबा, सदोष म्हणजे काय?"

लाकूड असतं तर कुजलं असतं. दगड कुजत नाही. ओबेदला ते सहन होईना.

त्या लोकांत अशी पद्धत आहे की ज्याच्या हातून पाप घडलं त्यानं रविवारी सगळ्यांसमोर बाकांच्या मधल्या वाटेत उभं राहायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं. मग मंडळी हात वर करून त्याला माफ करतात, आणि चिटणीस ते वहीत लिहून ठेवतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी प्रवचन संपल्यावर ओबेद उठला आणि मधल्या वाटेत जाऊन उभा राहिला. त्याच्या स्वतःच्या मनोऱ्याखाली. त्यानं सगळं सांगितलं. खांबाचा बाक, चार दिवस, अर्धं बोट, आकडा, पेला, सगळं. काहीही लपवलं नाही, स्वतःला कुठं झाकलं नाही.

मग डीकन लेव्हिट हळूच म्हणाला, "टटल मिस्त्री, तो टेकू कुठं आहे?"

"जाळला."

"तुम्ही?"

"जोथमनं."

"कुणी बघितलं?"

"कुणी नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी दीर्घ श्वास सोडला. डीकनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो माणूस सहसा पाणीसुद्धा वाया घालवत नसे. "मिस्त्री," तो म्हणाला, "चाळीस वर्षांत तुमचं एक लाकूड इकडचं तिकडं झालं नाही. आम्ही तुमच्याच छपराखाली उभे आहोत. जोथमनं स्वतः याच गावासमोर सांगितलं की माप त्याचं होतं. मेलेल्या पोराचं पाप तुम्ही आपल्या डोक्यावर घ्यायला निघालात. देव तुमची माया बघतोय. पण खोट्याला आम्ही माफी कशी देणार? माफ करण्यासारखं तुमच्याकडं काही नाही."

"अरे, मी खरं सांगतोय!" ओबेद ओरडला. "देवाच्या घरात उभा राहून सांगतोय!"

"बसा, मिस्त्री. दमलात तुम्ही."

हात वर करायला कुणाला सांगितलंच नाही. पेशन्स मून आपल्या बाकावरून उठून आली, तीच पेशन्स, आणि तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "किती चांगले आहात तुम्ही," ती म्हणाली. ओबेदनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण तिनं ते घट्ट धरले होते. चिटणीसानं वहीत लिहिलं की बंधू टटल आपल्या दिवंगत जावयाविषयी प्रेमानं बोलले.

घरी येताना लोइस समोर बघत चालली. पर्सिस मध्ये, दोघांचे हात धरून. दारात आल्यावर लोइसनं पोरीला आत पाठवलं.

"त्यानं जाळला?" तिनं विचारलं. "आपल्या चुलीत?"

"हो."

"तो तीन वर्षं खोकत होता, बाबा. तुम्ही रोज त्याच्यासमोर बसून जेवलात."

"लोइस..."

"सगळं ठाऊक असून तो मला म्हणायचा, माझं माप चुकलं, लोइस, कुठं चुकलं ते मला सापडत नाही. मी त्याला म्हणायचे, जाऊ दे, होतात चुका माणसाच्या." तिचा आवाज फुटला. "मीही त्याचं चुकलंच असं धरून चालले होते. मला तरी सांगायचं होतंत. गावाच्या आधी मला."

ओबेद दाराच्या पायरीवर बसला.

जोथमच्या बहिणीला पत्र गेलं. रस्ते गोठून घट्ट झाल्यावर जेनेसीहून तिच्या नवऱ्याची गाडी आली. लोइसनं बिछाना, भांडी, चरखा चढवला. शेजारपाजारच्या बायका निरोप द्यायला जमल्या होत्या आणि आपापसात कुजबुजत होत्या की एवढा देवमाणूस बाप टाकून ही चालली कुठं. पर्सिसनं आजोबाच्या गळ्यात हात घातले, तेवढ्यापुरतं लोइसनं तोंड फिरवलं.

ओबेद गाडीच्या चाकापाशी येऊन उभा राहिला. डोक्यावर टोपी नव्हती.

"लोइस," तो म्हणाला, "सगळ्या गावाला मी खोटा वाटतो. पोरी, तू तरी विश्वास ठेव माझ्यावर."

"ठेवला ना, बाबा," ती म्हणाली. "म्हणून तर निघाले."